महाविद्यालयाच्या अंकात जिवंत लेख कसे येतील?

मृदुला_परळ
नमस्कार मंडळी. मी परळ भागातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा वार्षिक अंकाचा मराठी विभाग माझ्याकडे आहे. लेख भरपूर आलेत आणि विषयही चांगले आहेत: मोबाइल, पर्यावरण, मुलींची सुरक्षितता, मराठी शाळा. पण बहुतेक लेख 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' असे सुरू होतात आणि 'आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत' असे संपतात. मधल्या दोन पानांत एकही माणूस भेटत नाही, एकही जागा दिसत नाही.

हीच मुलं कँटीनमध्ये बोलतात तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. कर्जतहून येणारी एक मुलगी लोकलच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथीने टेकायच्या 'चौथ्या सीट'चे अलिखित नियम सांगत होती, आसपासची सगळी टेबलं गप्प होऊन ऐकत होती. तिच्या लेखात मात्र 'वाढती लोकसंख्या ही एक गंभीर समस्या आहे' एवढंच उतरलं.

मुलांना दोष द्यावासा वाटत नाही. शाळेत वैचारिक लेखन गुणांसाठी होतं. बारावीच्या 'युवकभारती' या पाठ्यपुस्तकात वृत्तलेख आहे, पण त्याचीही वैशिष्ट्यं पाठ होतात, लेख कोणी लिहीत नाही. वाचणाऱ्याला धरून ठेवणारा आणि त्याचं मत हलवणारा लेख विद्यार्थ्याकडून कसा लिहून घ्यायचा? आत्ता अंकासाठी, पुढे वर्तमानपत्रासाठीही. मजकूर छपाईला जायला अजून वेळ आहे, तेव्हा सविस्तर सांगा.

कात्रीवाला
मृदुलाताई, मी उपसंपादक म्हणून निवृत्त झालो. आयुष्याचा मोठा भाग फोर्टातल्या एका दैनिकात दुसऱ्यांच्या मजकुरावर काम करण्यात गेला, म्हणून हे नाव घेतलंय.

नवख्याचा लेख आला की मी पहिला परिच्छेद झाकून वाचायचो. पुष्कळदा लेख दुसऱ्या किंवा तिसऱ्या परिच्छेदात सुरू व्हायचा. आधीचं सगळं लेखकाचं घसा साफ करणं असतं. मुलांना हे स्वतःच्या लेखावर करून बघायला सांगा, लगेच पटतं.

दुसरं, विषय लहान करा. 'प्रदूषण' यावर आठशे शब्दांत कोणालाच काही नवं सांगता येत नाही. 'आमच्या वर्गाची खिडकी वर्षभर बंद का असते' यावर येतं, कारण ती खिडकी लिहिणाऱ्याने पाहिलेली असते, ती कोण बंद करतं हे त्याला ठाऊक असतं, आणि ती उघडायची तर कोणाला सांगावं लागेल हेही शोधता येतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. लिहायला बसण्याआधी एका ओळीत लिहा: हे वाचून कोणी काय करावं? 'समाजाने जागृत व्हावं' हे उत्तर चालणार नाही. समाजाला पत्ता नसतो, पत्र परत येतं.

चाफा
'समाजाला पत्ता नसतो' 👌 वहीत लिहून घेतलं.

गिरणगावकर
काकांच्या तिसऱ्या मुद्द्याला आमच्याच भागातलं उदाहरण देतो. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' हे साप्ताहिक चालवायचे. त्या काळी गिरणीत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी 'कामगारांवर अन्याय होतो' एवढ्यावर भागवलं नाही. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, रविवारी, अशी नेमकी मागणी धरली. १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सह्यांचं निवेदन दिलं. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानावर कामगारांची मोठी सभा झाली, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

लेखामुळेच सुट्टी मिळाली असं म्हणणार नाही. संघटना होती, सभा होती, सह्या होत्या. पण मागणी एका वाक्यात मावत होती, म्हणून ती लेखातही मावली आणि सभेतही. तुमच्या मुलांतली कितीतरी याच गिरण्यांच्या वस्तीतली असतील. त्यांना हे सांगा.

अनुराधा_ठाणे
सगळं मान्य, तरी माझा थोडा विरोध आहे. मागणी, पत्ता, पुरावा या रस्त्याने गेलं की मुलं अर्ज लिहायला लागतील. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांकडे राग असतो, हळवेपणा असतो, तो कापून काय उरेल? वाचकाला आधी काहीतरी लागावं लागतं, मग तो पटवून घ्यायला तयार होतो.

'मूकनायक' आठवा. ३१ जानेवारी १९२० ला मुंबईत पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली: एकेक जात हा एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडीच नाही, ज्याने ज्या मजल्यावर जन्मावं त्याने तिथेच मरावं. आकडा एकही नाही. वाचणारा हादरतो ना?

कात्रीवाला
अनुराधाताई, उदाहरण फार मोलाचं दिलंत. पण तो मनोरा नीट पाहा. उपमा शोभेसाठी आलेली नाही, अख्खा युक्तिवाद तिच्यात आहे. शिडी नाही म्हणजे गुणाने वर जाता येत नाही आणि अवगुणाने खाली यावं लागत नाही. वाचक एक चित्र पाहतो आणि त्या चित्रातूनच निष्कर्षाला पोचतो. मुलांच्या लेखात उपमा येते ती 'शिक्षण हे वाघिणीचं दूध आहे' अशी ठरीव, ती काढली तरी लेखाचं काही अडत नाही. भावना कापा असं मी म्हणत नाही. भावना कशाने झाली ते दाखवा, वाचकाला ती आपोआप होईल.

तर्कट
मला वाटतं सगळे फार सौम्य झालेत. लेखाचा मथळाच असा पाहिजे की वाचणारा उठून बसला पाहिजे. टिळकांनी 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' लिहिलं, तुरुंगात गेले, पण लिहिलं. आजच्या मुलांना तो बाणा शिकवा.

फोर्टचा_वकील
तर्कट, एक दुरुस्ती. तो 'केसरी'चा अग्रलेख जुलै १८९७ मधला. टिळकांना त्या साली दीड वर्षाची शिक्षा झाली ती या अग्रलेखासाठी नव्हे. खटला १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता, 'शिवाजीचे उद्गार' ही कविता आणि शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. खटला इथेच मुंबई उच्च न्यायालयात चालला. या दोन गोष्टींची सरमिसळ भाषणांत सर्रास होते, म्हणून लिहिलं.

मृदुलाताई, यातूनच विद्यार्थ्यांसाठी एक काम निघतं. 'सगळ्यांना माहीत असलेली' गोष्ट लेखात घालण्याआधी एकदा ग्रंथालयात जाऊन पाहून या. नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं. तुमच्या महाविद्यालयापासून चालत जाता येईल.

तर्कट
दुरुस्ती मान्य, धन्यवाद. बाण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही.

सई_लालबाग
मी बहुतेक इथे सगळ्यात लहान आहे. एसवायला, म्हणजे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मॅडमच्या कॉलेजमध्ये नाही, दुसऱ्या. आमच्याही अंकासाठी लेख द्यायचाय. माझी सुरुवात टाकते, स्पष्ट सांगा:

'आजच्या स्पर्धेच्या युगात अभ्यासाला पर्याय नाही. परंतु मुंबईसारख्या महानगरात जागेअभावी अनेक विद्यार्थ्यांना अभ्यास करणे कठीण जाते. अभ्यासासाठी शांत वातावरण अत्यंत आवश्यक असते. म्हणून शासनाने ठिकठिकाणी अभ्यासिका उभारल्या पाहिजेत.'

कात्रीवाला
सई, टाकलंस ते छान केलंस. आता लेख बाजूला ठेव आणि मला उत्तरं दे, बोलतेस तशीच. तू कुठे बसून अभ्यास करतेस? तिथे काय अडतं? कॉलेजचं वाचनालय किती वाजता बंद होतं?

सई_लालबाग
आमची चाळीत खोली आहे, सहा जण. बाबांची पहिली पाळी असते, पहाटे चारला उठतात, म्हणून दहाला दिवा मालवतो. मग मी बाहेर गॅलरीत बसते. शेजारच्या काकूंचं चपलांचं कपाट आहे त्यावर वही ठेवते. काकू बारापर्यंत त्यांचा बाहेरचा दिवा चालू ठेवतात माझ्यासाठी. भाऊ वरळीच्या अभ्यासगल्लीत जातो, तिथे रस्त्यालगत दिव्यांखाली मुलं रात्री अभ्यासाला बसतात, त्याला बरं पडतं. मला एवढ्या रात्री सोडत नाहीत. कॉलेजची लायब्ररी पाचला बंद होते. आणि आमचं शेवटचं लेक्चर पावणेपाचला सुटतं.

चाफा
पावणेपाच ते पाच!! सई, अगं हाच तुझा लेख आहे.

गिरणगावकर
काकूंच्या दिव्याशी मी थांबलो. आमच्या चाळीतही असंच असायचं.

कात्रीवाला
बघा, मुलीने एकही विशेषण वापरलेलं नाही. चपलांचं कपाट, काकूंचा दिवा, भाऊ जाऊ शकतो आणि ती नाही, पंधरा मिनिटांचं वाचनालय. यातली शेवटची गोष्ट युक्तिवाद आहे, आणि तिला पत्ताही आहे. शासनाने अभ्यासिका कधी उभारायच्या त्या उभारू देत. तुझ्या कॉलेजचं वाचनालय बांधलेलं आहे, खुर्च्या मांडलेल्या आहेत. ते आठपर्यंत उघडं राहावं, एवढंच माग. कोणाकडे, तर प्राचार्यांकडे. कधीपासून, तर परीक्षेआधी.

अनुराधा_ठाणे
सई, तुझ्या उत्तराने माझाही मुद्दा सिद्ध झाला आणि काकांचाही 🙂

पण मृदुलाताई, एक काळजी घ्या. सगळ्याच मुलांना घरची जागा, घरची माणसं चारचौघांत मांडायची नसतात. वर्गात काही जणांनी आपण कुठे राहतो हेही सांगितलेलं नसतं. 'स्वतःचा अनुभव लिहा' याची सक्ती झाली तर ज्याचं दुःख जास्त त्याचा लेख चांगला, अशी विचित्र स्पर्धा लागते. सई, तू घरी वाचून दाखव आधी. काकूंनाही विचार. त्यांचं नाव घालायची गरज नाही.

मृदुला_परळ
अनुराधाताई, हे फार बरं झालं सांगितलंत. मी सगळ्यांना 'आपबीती लिहा' असंच सांगायला निघाले होते. अनुभव सांगायचा नाही त्या मुलाने काय करावं?

कोळीण_बाय
त्याने बाजारात जावं! खरंच सांगते. माझ्या भाचीने कॉलेजच्या भित्तीपत्रकासाठी 'पावसाळ्यात पापलेट महाग का' लिहिलं. घरात सगळे मासेमारीवाले, तरी घरचं काही लिहिलं नाही. आम्हा तिघी-चौघींना बाजारात विचारलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा फलाटावर माल कुठला येतो, बर्फातला किती, बाहेरून आलेला किती, हे बसून पाहिलं. मग शेवटी लिहिलं की बंदी का हवी, माशांची वीण कधी होते. मासे महाग म्हणून कुरकुरणाऱ्या तिच्या सरांनी वाचलं आणि म्हणाले, आता दोन महिने सुकट खाईन. मत बदलणं म्हणजे आणखी काय असतं?

मृदुला_परळ
कोळीणबाय, वर्गात तुमचाच प्रतिसाद आधी वाचून दाखवणार.

तर्कट
सईला एक सल्ला. लेख लिही, पण 'ग्रंथपालांचीही अडचण असेल' वगैरे घालू नकोस. समोरच्याची बाजू आपण कशाला मांडायची? तो मांडेल. लेखात आपली बाजू जोरात.

फोर्टचा_वकील
इथे मी पूर्ण विरुद्ध आहे. कोर्टात उभं राहायचं तर समोरच्या वकिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आदल्या रात्री मला त्याच्यापेक्षा नीट मांडता आला पाहिजे. प्राचार्य लेख वाचताना मनात काय म्हणतील? माणसं नाहीत, शिपायाला जादा वेळ कोण देणार, वीज, मुली उशिरा बाहेर पडल्या तर जबाबदारी कोणाची. यातलं काहीच लेखात नसेल तर ते पहिल्या परिच्छेदालाच म्हणतील, 'मुलांना काय कळतंय', आणि पान उलटतील. त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लेखात सापडला तर ते पुढे वाचतील.

आणि गंमत म्हणजे मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा सईच्याच बाजूचा आहे. आठ वाजता कॉलेजमधून एकत्र निघणं सुरक्षित, की बारापर्यंत एकटीने गॅलरीत बसणं?

तर्कट
हा शेवटचा मुद्दा जबरदस्त आहे. ठीक, समोरची बाजू घाल, पण ठोक.

गिरणगावकर
सई, आकडे मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. अनुदानित महाविद्यालयालाही लागू होतो. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लागतो, तेही लेखनाचं शिक्षणच आहे.

मृदुला_परळ
गिरणगावकर, तीस दिवस थांबली तर अंक छापून होईल. सई, तू आधी सरळ ग्रंथपालांच्या टेबलाशी जा आणि विचार. नव्वद टक्के वेळा कोणी विचारलेलंच नसतं.

नवा_भिडू
एक शंका. हे सगळं एआयला सांगितलं तर दोन मिनिटांत लेख मिळतो. माझे मित्र तसंच करतात. ते चुकीचं का?

कात्रीवाला
काकूंचा दिवा बारापर्यंत चालू असतो हे त्याला कुठून कळणार? ते विचारायला कोणीतरी गॅलरीत बसलेलं हवं. आणि त्याने दिलेलं प्रत्येक साल, प्रत्येक नाव तुलाच तपासावं लागेल, कारण लेखाखाली नाव तुझं आहे. शुद्धलेखन बघून घ्यायला वापरलंस तर माझी हरकत नाही. पण विद्यार्थी असताना लिहायचं ते लिहिता यावं म्हणून, आणि दोन मिनिटांत लेख दुसऱ्यानेच लिहून दिला तर तुला ते कधीच येणार नाही.

चाफा
सहमत. आमच्या मराठी मंडळात मागच्या वर्षी तीन वेगवेगळ्या मुलांच्या लेखांचा शेवट जवळजवळ सारखा होता. परीक्षकांनी तिघांनाही बोलावून लेखाबद्दल प्रश्न विचारले. उत्तरं आली नाहीत.

अनुराधा_ठाणे
वर्तमानपत्राला पाठवण्याबद्दल मृदुलाताईंनी विचारलं होतं, ते राहूनच गेलं. कात्रीवालाकाका, सांगा ना.

कात्रीवाला
सांगतो. आधी वाचकांच्या पत्रव्यवहारापासून सुरुवात करा. तिथे कमी शब्दांत एकच मुद्दा मांडावा लागतो, छापून येण्याची शक्यता जास्त असते आणि हात बसतो. मग पुरवणीतला लेख. ज्या पानासाठी पाठवायचा ते पान आधी काही आठवडे वाचा, तिथल्या लेखांची लांबी मोजा. आठशे मागितले तर आठशेच. जास्तीचे शब्द उपसंपादक खालून कापतो आणि नेमकी मागणी शेवटी असते.

निमित्त पाहा. अभ्यासिकेचा लेख फेब्रुवारीत जाईल, मे महिन्यात त्याला कोण विचारणार? आणि फेब्रुवारीत हवा तर जानेवारीत पाठवा. मजकूर युनिकोडमध्ये, मेलच्या मजकुरातच. फोनवर वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवू नका. एकाच वेळी दोन दैनिकांना तर मुळीच नको, दोन्हीकडे छापून आला की दोन्ही दारं बंद. आला नाही तर थोडं थांबून दुसरीकडे द्या.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य तोडा.

सई_लालबाग
ग्रंथपाल सरांना भेटले. ते रागावले नाहीत, उलट बसवून घेतलं. म्हणाले सहाय्यक एकच आहेत आणि त्या बदलापूरला राहतात, म्हणून पाचला बंद. 'दोन विद्यार्थी कमवा-शिका योजनेतून बसवता आले तर मी आठपर्यंत थांबायला तयार आहे, पण कार्यालयाने लेखी दिलं पाहिजे,' असं म्हणाले. हे मला माहीतच नव्हतं! घरीही वाचून दाखवलं, काकू म्हणाल्या घाल माझा दिवा. नवी सुरुवात:

'आमचं शेवटचं लेक्चर पावणेपाचला सुटतं आणि वाचनालय पाचला बंद होतं. जिना उतरून दप्तर जमा करेपर्यंत त्यातली पाच मिनिटं जातात. माझ्या घरी दहाला दिवा मालवतो. त्यानंतर मी शेजारच्या काकूंच्या दिव्याखाली बसते, चपलांच्या कपाटावर वही ठेवून. माझा भाऊ रात्री वरळीच्या अभ्यासगल्लीत जातो. मला तिथे जाता येत नाही. मला जिथे जाता येतं त्या खोलीत चाळीस खुर्च्या आहेत, आणि पाचनंतर तिला कुलूप असतं.'

गिरणगावकर
वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. शाब्बास पोरी.

तर्कट
मी मथळा सुचवतो: 'कुलूप कोणासाठी?'

फोर्टचा_वकील
चांगला आहे, पण त्यात ग्रंथपालांवर आरोप येतो आणि ते तर तिच्या बाजूने आहेत. 'वाचनालय आठपर्यंत उघडं ठेवा' असं सरळच का नको?

तर्कट
पटतंय. आणि कमवा-शिकाचा तोडगा शेवटी न ठेवता मध्येच आण सई, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की तू नुसती मागत नाहीस, रस्ताही घेऊन आली आहेस.

मृदुला_परळ
मंडळी, माझ्या प्रश्नाचं उत्तर मला सईच्या दोन परिच्छेदांत मिळालं. सई, तुझी परवानगी असेल तर तुझी आधीची आणि नंतरची सुरुवात, नाव न सांगता, आमच्या मुलांना शेजारी-शेजारी वाचायला देईन. मग दोघादोघांच्या जोड्या लावून काकांसारखे प्रश्न एकमेकांना विचारायला लावते. एकाने बोलायचं, दुसऱ्याने जसंच्या तसं उतरवायचं. चौथ्या सीटवाल्या मुलीला तर आजच गाठते. कात्रीवालाकाका, एका शनिवारी दुपारी आमच्याकडे याल का? मुलं अर्धे लेख घेऊन बसतील.

कात्रीवाला
येतो. लाल पेन आणणार नाही, पेन्सिल आणतो.

सई_लालबाग
मॅडम, वापरा ना, नाव घातलं तरी चालेल. काका, एक शेवटचं. ग्रंथपाल सर म्हणाले, छापायच्या आधी पूर्ण लेख दाखव. दाखवू का?

कात्रीवाला
त्यांच्या तोंडची वाक्यं त्यांना वाचून दाखव, ते तसंच म्हणाले होते ना ते विचार. खुर्च्या, वेळा, माणसं हे आकडेही त्यांच्याकडून तपासून घे. बाकीचा लेख मात्र अंक आल्यावर दे. आणि कमवा-शिकाचे नियम कार्यालयात जाऊन स्वतः वाच, संध्याकाळचे तास त्यात बसतात का ते पाहा. प्राचार्य पहिला प्रश्न तोच विचारतील.